जुन्या छायाचित्रांचा जीर्णोद्धार : ठिगळ, रफू आणि नवे कापड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी केलेले भाषण)



या प्रदर्शनाचे प्रास्ताविक मी करावे असे विश्वस्तांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी बी.कॉम. झालेला, सांगलीच्या कापड पेठेत उभी हयात घालवलेला व्यापारी. छायाचित्रणकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि संगणक तर वयाच्या पन्नाशीनंतर, तोही जमाखर्चापुरता, हाताशी आला. परंतु गेली काही वर्षे जुन्या, फाटक्या, भिजलेल्या छायाचित्रांना संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उजाळा देण्याचा आणि त्यांतून भिंतीवर लावण्याजोगी कलाकृती घडविण्याचा नाद मला लागला आहे. या नादाचे मूळ हौसेत नसून एका चुकीत आहे. ती चूक आजवर मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगणार आहे, कारण माझी चूक ऐकून आपल्यापैकी एकाच्या घरातले एक छायाचित्र जरी वाचले, तरी या व्यासपीठावर उभे राहण्याचे धारिष्ट्य सार्थकी लागले असे मी समजेन.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. दुकानातील ताके भिजले त्याचे दुःख व्यापाऱ्याला होतेच, पण माल पुन्हा भरता येतो. आमच्या घराच्या तळमजल्यावर एका लोखंडी ट्रंकेत घरातले सगळे अल्बम होते आणि वर भिंतीवर चौकटीत एक फोटो होता. पाणी ओसरल्यावर आम्ही आत शिरलो तेव्हा ट्रंकेतून चिखल ओतावा लागला. भिंतीवरचा फोटो मात्र खिळ्याला तसाच लटकत होता. काचेच्या आतून पाणी खाली-वर हलत होते.

तो फोटो माझ्या थोरल्या बहिणीचा. घरात तिला आक्का म्हणत. मी तिला पाहिलेले नाही. माझ्या जन्मापूर्वी, १९५७ साली, सहाव्या वर्षी घटसर्पाने ती गेली. त्याच्या आदल्या दिवाळीत अण्णांनी हौसेने आई आणि आक्का यांना स्टुडिओत नेले होते. आई खुर्चीवर बसलेली, आक्का शेजारी उभी, अंगात परकर-पोलके, हातात स्टुडिओवाल्याने दिलेले कागदी फूल. आक्काचा हा एकमेव फोटो. निगेटिव्ह कुठे गेली ते कुणास ठाऊक. तो स्टुडिओही केव्हाच बंद झाला.

पुढे काय घडले हे सांगण्यापूर्वी फोटो ही वस्तू मुळात काय आहे, हे थोडे सांगतो. कापडाच्या माणसाला ते चटकन कळते. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण. चित्र दिसते ते त्या चांदीचे. जिलेटिन हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. आइस्क्रीमच्या आणि गोळ्यांच्या वेष्टनावर आपण तोच शब्द शोधून वस्तू परत ठेवतो. आपल्या पूर्वजांच्या तसबिरी त्याच पदार्थावर उभ्या आहेत ही गोष्ट मलाही फार उशिरा कळली, असो. या जिलेटिनचा गुण असा की पाणी लागले की ते फुगते, मऊ होते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटते. दमट हवेत त्यावर बुरशी चढते, कारण बुरशीचे ते खाद्यच आहे.

रंगीत फोटोची कथा निराळी. त्यात चांदी शेवटपर्यंत राहत नाही. राहतात ते तीन थरांतले रंग. म्हणजे तो छापील कापडाचाच भाऊ, आणि रंग पक्का की कच्चा हा जो प्रश्न आपण गिरणीच्या मालाला विचारतो तोच त्यालाही विचारावा लागतो. माझे लग्न १९८५ साली झाले. त्या काळच्या कागदावरचा निळसर रंग कच्चा असे; तो आधी उडतो आणि मागे तांबूसपणा उरतो. आमच्या लग्नातले सगळे वऱ्हाडी आज आगीच्या उजेडात बसल्यासारखे दिसतात. याउलट अण्णांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो पूर येईपर्यंत जसाच्या तसा होता.

आता माझी चूक. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले होते. मी ते उन्हात वाळत घातले. वाळल्यावर गठ्ठ्याची वीट झाली आणि सोडवताना निम्म्या फोटोंचे चेहरे शेजारच्या फोटोच्या पाठीवर गेले. खरे म्हणजे ते वाळूच द्यायचे नव्हते. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून, ओले असतानाच, चित्राच्या बाजूला बोट न लावता एकेक अलग करायचे आणि सावलीत तोंड वर करून सुकवायचे; तेवढा वेळ हाती नसेल तर चक्क फ्रीजरमध्ये ठेवायचे. हे मला नंतर कळले. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर ढिगाऱ्यातून लाखो फोटो गोळा झाले आणि अनोळखी स्वयंसेवकांनी ते असेच एकेक करून धुतले. तेथील रिको कंपनीने चार लाखांहून अधिक फोटो स्वच्छ करून संगणकावर घेतले आणि त्यांतले सुमारे नव्वद हजार ज्याचे त्याला परत पोहोचविले. घरदार वाहून गेलेली माणसे प्रथम फोटो शोधत आली, हे वाचताना मला आपली पेठ आठवत होती.

आक्काच्या फोटोचे मी याहून वाईट केले. चौकट उघडली. फोटो काचेला चिकटलेला. आई शेजारच्या खोलीत होती; तिच्या नजरेस पडण्यापूर्वी तो नीट करून ठेवावा या घाईने मी एका कोपऱ्याला धरून ओढला. आई सुटून आली. आक्काही आली, पण तिच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग काचेवरच राहिला. आणि मग, पाहा माझे शहाणपण, त्या काचेवर चिखल आहे असे समजून ती मी फडक्याने स्वच्छ पुसली. ती काच तशीच ठेवली असती, काचेसकट फोटो स्कॅनरवर पालथा घातला असता, तर आक्काचा चेहरा आज आपल्यापाशी असता. पुराने तो नेला नव्हता. आईला मात्र मी ‘पुराने गेला’ असेच सांगितले.

दोन वर्षे तो फोटो कपाटात पडून राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा सर्वांत आधी ते पाकीट मी माडीवर नेले, आणि त्याच वर्षी संगणकावर जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे ते दिले. त्याच्या शेजारी बसून मी ही विद्या पाहिली, आणि पाहता पाहता मला आमच्या पेठेतले रफूवाले आठवले.

फाटलेल्या कापडाला जोड देण्याच्या दोन रीती आहेत हे आपण जाणताच. एक ठिगळ. दुसऱ्या जागेचा तुकडा कापून छिद्रावर बसवायचा. फोटोशॉप नावाची जी संगणक-प्रणाली १९९० साली बाजारात आली तिच्यात हे काम करणारा शिक्का पहिल्यापासून आहे. भिंतीचा चांगला भाग उचलून भिंतीच्या डागावर ठेवायचा. दुसरी रीत रफूची. कसबी रफूवाला बाहेरचा धागा वापरत नाही; त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, काठाच्या दुमडीतून धागे उसवून घेतो आणि ताण्याबाण्याची वीण धरून भोक भरतो. २००२ साली त्या प्रणालीत असे एक साधन आले की ते शेजारचा पोत उचलते, पण उजेड-अंधार ज्या जागी लावायचे त्या जागेचाच ठेवते. सुरकुती, ओरखडा, वाळवीची रेघ यांना ते रफूसारखे लागू पडते. शिवाय १९९४ पासून हे सर्व काम थरावर थर ठेवून करता येते. मूळ चित्र खाली अबाधित, दुरुस्ती वरच्या पारदर्शक थरावर. नको वाटले तर थर उचलून टाकावा. देवळाच्या जीर्णोद्धारात एवढी सोय असती तर किती देवळे वाचली असती, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

स्कॅन कसे करावे हेही येथेच सांगून टाकतो. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला सहाशे ठिपक्यांनी घेतला तर २४०० बाय ३६०० ठिपक्यांचे चित्र मिळते आणि ते आठ बाय बारा इंचांपर्यंत उत्तम छापता येते. पासपोर्टच्या आकाराचा फोटो असेल तर बाराशे घ्यावे. पहिली प्रत टिफ या प्रकारात साठवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. जे खेळ करायचे ते तिच्या नकलेवर. मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला तर वाटेतच त्याचा निम्मा जीव जातो. दुरुस्तीसाठी तो कुणाकडे देऊ नये.

त्या तरुणाने आईची साडी, खुर्ची, मागचा पडदा यांवर रफू फार सुरेख केले. चेहऱ्यापाशी आला आणि म्हणाला, ‘‘काका, हे आता हाताने होणार नाही, एआयला देऊ या.’’ एक कळ दाबली. अर्ध्या मिनिटात आक्का पूर्ण झाली. दोन्ही डोळे टपोरे, गाल भरलेले, त्वचा नितळ. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवत नाही. मी तो छापून, चौकट करून संध्याकाळी आईपुढे ठेवला. आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला आणि बराच वेळ पाहून विचारले,

‘‘ही कुणाची पोर रे?’’

‘‘आक्का गं, आई.’’

‘‘न्हवं. पोर गोड हाय, पण आपली न्हवं. आक्कानं डावा डोळा बारीक केलता. दिवा डोळ्यावर हुता न्हवं का.’’

पासष्ट वर्षांपूर्वी स्टुडिओतल्या दिव्याने मिटू पाहणारा तो डोळा जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होता, आणि यंत्राला तिथवर जाता येत नव्हते. मी फोटो उचलून आत नेला.

यंत्राने असे का केले याचा मी नंतर शोध घेतला. त्यात त्याची लबाडी काही नाही. या प्रणाली हजारो चेहरे पाहून चेहरा म्हणजे काय असतो ते शिकतात. ज्या जागी माहिती नाही तेथे त्या, जे बहुधा असते ते भरतात. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिधूसर चेहऱ्यापासून स्पष्ट चेहरा घडविणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. लोकांनी तिला बराक ओबामा यांचे धूसर केलेले चित्र दिले, तर तिने एका गोऱ्या गृहस्थाचा चेहरा काढून दिला. तो चेहरा स्वच्छ होता, रेखीव होता. फक्त ओबामांचा नव्हता. आमच्या भाषेत सांगायचे तर हे ठिगळ नव्हे आणि रफूही नव्हे. हे नवे कापड आहे. जुन्या कापडाच्या रंगाचे, त्याच पोताचे, पण दुसऱ्याच मागावर विणलेले. ‘हे नवे आहे’ असे सांगून विकले तर व्यापार. जुने म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले तर त्याला आपण काय म्हणतो हे या सभेला सांगायला नको.

घरात हे घडले तर एक म्हातारी माता क्षणभर गोंधळते. इतिहासात घडले तर काय होते याचेही उदाहरण त्याच वर्षीचे आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग या तुरुंगात १९७५ ते १९७९ या काळात हजारो निरपराध माणसांना डांबून, छळून मारले गेले. आत आणताना प्रत्येकाचा फोटो काढीत. २०२१ साली एका परदेशी कलावंताने त्यांतील काही फोटोंना संगणकावर रंग दिले आणि ते प्रसिद्ध झाले. मग लक्षात आले की काही चेहऱ्यांवर मुळात नसलेले हसू चढविले आहे. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हसविले! कंबोडियाच्या सरकारने तीव्र निषेध केला आणि ती चित्रे मागे घ्यावी लागली.

रंगाविषयी मला थोडे अधिक बोलू द्या, कारण तो माझा धंदा आहे. कृष्णधवल फोटोवरून मूळ रंग ओळखता येतो असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. जुन्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. तांबडे वस्त्र त्यांना काळे दिसे, आणि निळे आकाश पांढरेफटक. म्हणून डाळिंबी साडी आणि काळी चंद्रकळा फोटोत एकसारख्याच येत. आक्काचा परकर फोटोत जवळजवळ काळा आहे. त्या तरुणाच्या यंत्राने त्याला गर्द निळा रंग दिला होता. परकर खणाचा आहे हे मी विणीवरून सांगू शकलो, पण रंग? तो आईने सांगितला. ‘‘तांबडा. डाळिंबाच्या दाण्यासारखा. तुझ्या अण्णांनी दुकानातनं आणलता.’’ स्टुडिओवाला तांबड्याला आंधळी असलेली फिल्म वापरीत असावा. कोट्यवधी चित्रे पाहिलेल्या यंत्रापेक्षा एका आईची साक्ष येथे मोठी ठरली.

मात्र काही जुन्या चित्रांत रंग अंदाजाने नव्हे, पुराव्याने मिळतो. रशियात सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या छायाचित्रकाराने झारच्या आश्रयाने, १९०९ ते १९१५ या काळात साम्राज्याचा कानाकोपरा टिपला. तो एकाच काचपट्टीवर एकाच दृश्याची तीन कृष्णधवल चित्रे घेई. एक निळ्या, एक हिरव्या आणि एक तांबड्या काचेतून. तिन्ही एकावर एक बरोबर बसली की खरा रंग उमटे. त्याच्या सुमारे एकोणीसशे काचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ साली विकत घेतल्या, आणि २००० च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने त्या तिन्ही चित्रांची जुळवणी झाली. त्यांतले एक चित्र मी छापून दुकानात लावले आहे. समरकंदच्या बाजारातला कापडाचा व्यापारी, आपल्या दुकानात, रेशमी-सुती-लोकरी मालाच्या मधोमध बसलेला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे पट्टे, त्यांच्या खऱ्या रंगांत! माल रचण्याची त्याची पद्धत पाहून आमच्या मुनिमांनी ‘‘हा आपल्याच पेठेतला दिसतो’’ असे उद्‌गार काढले. त्या संग्रहातील काही चित्रांत वाहत्या पाण्यावर आणि चुळबुळ करणाऱ्या मुलांच्या कडांना इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, कारण तीन चित्रे घेईतो ती हललेली. मला ते दोष फार आवडतात.

याचा अर्थ अंदाजाने रंग देऊच नयेत असा नाही. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली संपूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा आपण सहकुटुंब पाहिलाच. माझे म्हणणे एवढेच की तेथे रंग ही दुरुस्ती नसून कला आहे, आणि कलेला तिच्या नावाने हाक मारावी. आपल्या देशात ही कला जुनी आहे. फोटो येथे आला तसा त्यावर कुंचला चालविणारा चित्रकारही लगोलग आला. राजस्थानात लघुचित्रे काढणाऱ्या घराण्यांनी राजेरजवाड्यांच्या फोटोंवर असे रंग चढविले की खाली फोटो आहे हे शोधावे लागते. उदयपूरचे राजेश सोनी हे आजच्या काळात डिजिटल कृष्णधवल छापांवर हाताने रंग देतात; त्यांचे आजोबाही हेच काम करीत. येथे कुणाची फसवणूक होत नाही, कारण रंग हा चित्रकाराचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते.

आणि चित्र व कापड यांचे नाते तर त्याहून जवळचे. दागेर याने छायाचित्राची कृती जगापुढे मांडली ते वर्ष १८३९. त्याच वर्षी फ्रान्समधील लियाँ शहरात जॅकार्ड मागाच्या जनकाचे, म्हणजे खुद्द जॅकार्डचे, एक चित्र रेशमात विणले गेले. ते विणण्यासाठी भोके पाडलेले चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. जेथे भोक तेथे दोरा वर, नाही तेथे खाली. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने ते चित्र मिळवून आपल्या घरी लावले, आणि त्याच्या कल्पनेतले गणितयंत्रही अशाच पुठ्ठ्यांवर चालायचे होते. संगणकाच्या पूर्वजांत एक माग आहे, ही गोष्ट मी आमच्या व्यापारी मंडळात सांगितली तेव्हा कुणाला पटेना.

तर आक्काच्या फोटोचे आम्ही काय केले, ते सांगतो. त्या तरुणाकडे परत जाऊन मी नव्या चेहऱ्याचा थर उचलायला सांगितला. खाली मूळ होतेच. पडदा, खुर्ची, आईची साडी यांवरचे रफू राहू दिले. चेहऱ्याचा उजवा भाग होता तसा ठेवला. डाव्या भागाच्या जागी कागदाचा साधा फिकट रंग. आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. ते म्हणाले, आईंनी वर्णन केले तर डोळा काढून देतो. मी आईला विचारले. तिने मान हलवली. ‘‘नगो. हाय तेवढी ऱ्हाऊ दे. बाकीची मला दिसती.’’

मग तो सुती कागदावर फिकट छापून घेतला आणि गुरुजींनी जलरंगाने फक्त परकर रंगविला. सगळे चित्र करडे, आणि त्यात एवढाच एक डाळिंबी परकर. रंग जुळविण्यासाठी मी दुकानातल्या खणाचे नमुने नेले होते. सात-आठ नमुने आईपुढे टाकले, तेही दिव्याखाली नव्हे, दारात उन्हात. कापडाचा रंग दारात पाहावा हे तिनेच मला लहानपणी शिकविले होते. सहाव्या नमुन्यावर तिने हात ठेवला. त्या दिवशी रात्री मी तिला काचेची हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. सकाळी उठल्यावर म्हणाली, ‘‘घाई तुझी ल्हानपणापासनंचीच.’’

आई २०२२ साली गेली. प्रदर्शनात सतराव्या क्रमांकावर ते चित्र आहे. शेजारी मूळ फोटो, फाटका, काचेच्या पेटीत ठेवला आहे. पेटीच्या काचेला तो कोठेही टेकलेला नाही याची खात्री करून घेतली आहे. चित्राच्या पाठीमागे मी जे लिहिले ते खालच्या पाटीवरही दिले आहे : ‘परकराचा रंग आईने सांगितला व चित्रकाराने भरला. पडदा, खुर्ची व साडी यांची दुरुस्ती संगणकावर. चेहऱ्याचा डावा भाग २०१९ च्या पुरानंतर काच काढताना माझ्या हातून गेला.’ प्रदर्शनातल्या इतर चित्रांखालीही अशीच पाटी आहे. काय मूळचे, काय जोडलेले, कुणी सांगितले, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये ही विनंती. बाराव्या क्रमांकाच्या समूहचित्रात मागच्या रांगेतील चौघांची नावे अद्याप कुणाला सांगता आलेली नाहीत. वडीलधाऱ्यांनी ते जरा थांबून पाहावे.

शेवटी एक सूचना. येत्या चार रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत ट्रस्टच्या कार्यालयात स्कॅनर ठेवलेला असेल. कसलेही शुल्क नाही. आपल्या घरातले जुने फोटो घेऊन यावे आणि शक्य असेल तर त्यातली माणसे ओळखणारे घरातले सर्वांत ज्येष्ठ कुणी बरोबर आणावे. त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहाची सोय केली आहे. कपाळाचे कुंकू, देवीचे व्रण, तिरळा डोळा यांतले काहीही आम्ही पुसणार नाही. आणि फोटो चौकटीत असेल, काचेला चिकटला आहे अशी नुसती शंका जरी आली, तरी कृपा करून तो उघडू नका. चौकटीसकट आणा.